औशातलं १९६८ चं बेसबॉल कार्ड

जुन्या वस्तू : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात औसा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र छापलं होतं आणि उत्तरासाठी महिनाभराची मुदत मागितली होती. ते पत्र थोडक्यात पुन्हा देते, कारण या वेळचे बाकीचे प्रश्नही त्याच्यावरूनच आलेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. किल्लारीच्या भूकंपात आमचं माळवदाचं घर बसलं. आजी आणि धाकटी आत्या त्यात गेल्या. पुढं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना मदत घेऊन काही परदेशी लोक आले. त्यांच्यात एक वयस्कर अमेरिकन होता. माझे वडील त्याच्याबरोबर औषधांची खोकी उतरवायचे. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्याला मराठी. निघताना त्यानं वडिलांच्या हातात पुठ्ठ्याचं एक छोटं चित्र ठेवलं. वडिलांनी ते देव्हाऱ्याशेजारी टाचणीनं लावलं होतं, नंतर रेशनकार्डाच्या पिशवीत घातलं. वडील वारल्यावर ते मला सापडलं. चित्राची कडा गोणपाटासारखी आहे, एका गोलात संघाचं नाव आहे आणि ‘बॉब क्लेमेंटे’ असं इंग्रजीत छापलंय. पुण्यात नोकरी करणारा पुतण्या म्हणतो, या खेळाडूचं खरं नाव रॉबर्टो, म्हणजे कार्ड नकली. दुसरा एक जण म्हणतो, असल्या कार्डाला कोटीत पैसे मिळतात. मी ते लॅमिनेशन करून घ्यायला निघालोय. कार्ड खरं आहे का? हा माणूस कोण? विकावं का?

उत्तर : दादा, सगळ्यात आधी लॅमिनेशनचा विचार सोडा. लॅमिनेशनच्या यंत्रात प्लास्टिक गरम होऊन पुठ्ठ्याला कायमचं चिकटतं. मग ते सोडवायला गेलं की छपाईचा थर सोबत निघतो. आपल्याकडे सातबारापासून गुणपत्रिकेपर्यंत सगळं लॅमिनेट करायची सवय लागली आहे, आणि छापखान्यात बसून मी कितीतरी घरांचे जुने कागद असे गेलेले पाहिलेत.

आता कार्डाकडे वळू. तुम्ही ते घेऊन स्वतः लातूरला आलात ते फार बरं केलंत. फोनवरच्या फोटोत छपाई कळत नाही. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या छापखान्यात वडिलांच्या हाताखाली मी खिळे जुळवायला शिकले, पुढं ऑफसेटवर चार रंगांची कामं केली. त्यामुळं कार्ड हातात आलं की मी आधी खेळाडूकडे बघत नाही, पुठ्ठ्याकडे बघते.

तुमच्या कार्डाचे कोपरे गोलावलेत. खालचा उजवा कोपरा तर इतका झिजलाय की आतला पुठ्ठा फुगून थरासारखा सुटा झालाय. त्याच जागी भिंग धरलं. आतला लगदा करडा, धाग्याधाग्याचा, मधेच एखादा गडद तंतू. आजच्या आर्ट कार्डाचा छेद असा दिसत नाही, तो पांढरा आणि एकसारखा असतो. मग चेहऱ्यावर भिंग नेलं. गालाचा रंग म्हणजे लाल, पिवळ्या, निळ्या ठिपक्यांच्या गुलाबासारख्या जाळ्या, प्रत्येक रंगाची जाळी आपापल्या तिरक्या रेषेत बसलेली. ऑफसेटची मूळ छपाई अशीच दिसते. अक्षरांवर मात्र ठिपके नाहीत. तिथं शाई सलग आहे आणि कडा धारदार आहेत. नक्कल करणारा जुन्या कार्डाचा फोटो काढून तो पुन्हा छापतो, तेव्हा अक्षरंसुद्धा ठिपक्यांनी भरून येतात आणि कडा विस्कटतात. भिंगाखाली पाच मिनिटांत हा फरक कळतो.

तिसरी तपासणी शेजारच्या कापडदुकानात केली. नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना, त्याच्याखाली कार्ड धरलं. आजच्या कागदात पांढरेपणासाठी जे रसायन घालतात ते या दिव्याखाली निळसर चमकतं. दुकानाचं पावतीपुस्तक लखलखलं, तुमचं कार्ड मंदच राहिलं. माप अडीच इंच बाय साडेतीन इंच. अमेरिकेत च्युइंगगमसोबत खेळाडूंची कार्डं देणाऱ्या टॉप्स कंपनीनं १९५७ पासून हेच माप ठेवलंय आणि कडेचा तो गोणपाटी पोत हा त्यांच्या १९६८ च्या मालिकेचा. मागे १५० हा क्रमांक आहे, तोही बरोबर. आकड्यांच्या तक्त्यातला शेवटचा हंगाम १९६७ चा आहे, म्हणजे ६८ चा खेळ सुरू होण्याआधीच्या हिशेबानं छापलेलं. चार-पाच खुणा एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर माझ्यासारखी छापखान्यातली बाई निर्धास्तपणे सांगते : कार्ड त्या काळचं आहे.

तुमच्या पुतण्याला जे खटकलं ते योग्यच आहे, त्याचा निष्कर्ष मात्र उलटा आहे. या माणसाचं नाव रॉबर्टो क्लेमेंटे. तो बेसबॉलपटू, कॅरिबियन समुद्रातल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटाचा, घरात स्पॅनिश बोलणारा, काळ्या रंगाचा. अमेरिकेतल्या निवेदकांना आणि बातमीदारांना ‘रॉबर्टो’ परकं वाटायचं म्हणून त्यांनी त्याचा ‘बॉब’, ‘बॉबी’ करून टाकला. तो सांगत राहिला, माझं नाव रॉबर्टो आहे. टॉप्सनं १९५५ आणि ५६ च्या कार्डांवर रॉबर्टोच छापलं होतं, ५७ पासून बॉब सुरू केलं ते थेट १९६९ पर्यंत. १९७० च्या कार्डावर पुन्हा रॉबर्टो आलं. तेव्हा ६८ च्या कार्डावर ‘बॉब’ असणं हीच त्याच्या अस्सलपणाची खूण. ‘रॉबर्टो’ असतं तर मला शंका आली असती.

हे नावाचं दुखणं त्याच्या मरणानंतरही संपलं नाही. कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानाच्या दालनात, त्याचा जो ब्राँझचा फलक लागला, त्याच्यावर आईकडचं आडनाव मधे घालून ‘रॉबर्टो वॉकर क्लेमेंटे’ असं कोरलं गेलं. स्पॅनिश रीतीप्रमाणं वडिलांकडचं आडनाव आधी येतं, आईकडचं शेवटी : रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर. फलक बदलायला २००० साल उजाडलं. कोणी म्हणेल एवढ्यानं काय बिघडतं. नामांतरासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत लढलेल्या मराठवाड्यात मी तरी असं म्हणणार नाही.

आता तो अमेरिकन. त्यानं तुमच्या वडिलांच्या हातात दुसरा कुठला खेळाडू न ठेवता नेमका हाच का ठेवला असेल? क्लेमेंटेचं आयुष्य कसं संपलं हे अमेरिकेतल्या बेसबॉलवेड्या माणसाला तोंडपाठ असतं. तुम्हीही ते नीट जाणून घ्या.

१९७२ च्या शेवटी तो अडतीस वर्षांचा होता. पिट्सबर्ग पायरेट्स या एकाच संघाकडून अठरा हंगाम खेळलेला. हंगाम संपल्यावर पोर्तो रिकोच्या हौशी संघाला घेऊन तो निकाराग्वाची राजधानी मानाग्वा इथं गेला आणि काही आठवडे तिथं राहिला. तो परत आला आणि २३ डिसेंबरला मध्यरात्र उलटल्यावर मानाग्वात भूकंप झाला. शहराचा मधला भाग जमीनदोस्त झाला, हजारो माणसं गेली. क्लेमेंटेनं नाताळ बाजूला ठेवला. पोर्तो रिकोची राजधानी सान हुआन इथं मदत गोळा करायची समिती उभी राहिली, तिचा तो प्रमुख. तो दारोदार फिरला, रेडिओ-टीव्हीवरून आवाहन केलं, औषधं, अन्न, कपडे जमवले आणि विमानांनी पाठवले. मग तिकडून निरोप येऊ लागले की माल लोकांपर्यंत पोचत नाही, हुकूमशहा सोमोझाचे नॅशनल गार्ड तो मधेच अडवून धरतात.

त्यानं ठरवलं, पुढच्या विमानात आपण स्वतः बसायचं. आपण उभे असलो तर आपल्यासमोर चोरी करायची कोणाची छाती होणार नाही. मिळालं ते विमान जुनाट, डीसी-७ जातीचं, आधीच नादुरुस्त आणि पेलवेल त्याहून जास्त माल भरलेलं. ३१ डिसेंबर १९७२ च्या रात्री साडेनवाच्या सुमाराला ते सान हुआनहून उडालं आणि लगेचच समुद्रात कोसळलं. आत पाच जण होते, एकही वाचला नाही. क्लेमेंटेचं शव कधीच मिळालं नाही. मागं पत्नी व्हेरा आणि तीन लहान मुलगे. पिट्सबर्गहून आलेले संघातले सोबती शोकसभेला बसले, तेव्हा त्याचा मित्र, यष्टिरक्षकाच्या जागी खेळणारा मॅनी सांगियेन, पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरून त्याला शोधत होता.

दादा, १९९३ मध्ये मदतीचं काय काय झालं ते तुम्ही शेडमधून पाहिलंत, मी छापखान्यातून. पावतीपुस्तकं, कुटुंबांच्या नोंदीची कार्डं, वाटपाच्या याद्या आम्ही रात्रंदिवस छापत होतो. कुठून कुठून ट्रक आले, माणसांनी जीव ओतून काम केलं. आणि एका ठिकाणी, नाव घेत नाही, आमच्याच छापखान्यातल्या यादीवरची नावं एक आणि वाटप भलत्यालाच, हेही मी पाहिलं. त्यामुळं ‘माल पोचत नाही, मीच जातो’ हे त्याचं म्हणणं मला पुस्तकातलं वाटत नाही. भूकंपाच्या गावात खोकी उतरवणाऱ्या एका माणसानं शेजारी खोकी उतरवणाऱ्या दुसऱ्याला ते कार्ड दिलं. बोलायला भाषा नव्हती, म्हणून त्यानं क्लेमेंटे दिला, असं मी समजते.

आणखी एक तारीख सांगते. क्लेमेंटेनं कारकिर्दीतला ३,००० वा हिट (हिट म्हणजे काय ते खाली परभणीच्या प्रश्नात आहे) मारला तो ३० सप्टेंबर १९७२ ला, पिट्सबर्गच्या मैदानावर, न्यूयॉर्क मेट्सच्या जॉन मॅटलॅकच्या चेंडूवर. पुढं बरोबर एकवीस वर्षांनी त्याच तारखेला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आपल्याकडची जमीन हलली. योगायोगच, पण तुमच्या घरात हे कार्ड आहे म्हणून तुम्हाला माहीत असावा असं वाटलं.

कार्ड १९६८ चं म्हणून त्या वर्षाचंही सांगते. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ते क्लेमेंटेच्या ओळखीचे, पोर्तो रिकोत त्याच्या शेतावरही जाऊन आलेले. हंगाम सुरू व्हायला चारच दिवस होते. पायरेट्सच्या खेळाडूंनी ठरवलं की ९ एप्रिलला अंत्यसंस्कार होईपर्यंत आम्ही मैदानावर उतरणार नाही, आणि त्यात क्लेमेंटे पुढं होता. त्यांचा पहिला सामना १० तारखेला झाला. खेळाच्या दृष्टीनं ते वर्ष त्याला जड गेलं, खांद्याला दुखापत होती आणि सरासरी .२९१ वर आली. १९६० पासून शेवटापर्यंत तेवढ्या एकाच हंगामात तो .३०० च्या खाली गेला. (ही सरासरी म्हणजे काय ते खाली परभणीच्या प्रश्नात आहे.)

राहिले पैसे. कोटींची बातमी खोटी नाही, पण ती तुमच्या कार्डाची नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या खेळाडूचं टॉप्सचं १९५२ चं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, म्हणजे आपले शंभर कोटींच्या घरात. त्याच महिन्यात होनस वॅग्नरचं १९०९ च्या सुमाराला सिगारेटच्या पाकिटातून आलेलं कार्ड साडेबाहत्तर लाख डॉलरला विकलं गेलं. वॅग्नरची कार्डं जगात साठेकच उरलीत, आणि मँटलचं ते कार्ड जणू आजच पाकिटातून काढल्यासारखं कोरं होतं. १९६८ ची कार्डं त्या मानानं भरपूर छापली गेली. तेव्हा पाच सेंटला पाच कार्डांचं पाकीट मिळायचं, सोबत च्युइंगगमची गुलाबी पट्टी. किंमत ठरते ती अवस्थेवर. अमेरिकेत पीएसएसारख्या कंपन्या कार्ड तपासून १ ते १० अशी श्रेणी देतात आणि प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालून परत करतात. तुमच्या कार्डाला गोलावलेले कोपरे, मधे आडवी मोड आणि वरच्या कडेला टाचणीचं भोक आहे. श्रेणी तळातलीच मिळेल. जाण्यायेण्याचा खर्च, विमा, कंपनीची फी आणि टपालात हरवण्याची धास्ती धरली तर विकण्यासाठी एवढा खटाटोप करू नका. विकत घ्यायला आलेला एखादा म्हणेल की भोक आहे, दोनशे रुपये घ्या. देऊ नका. तुमच्या वडिलांनी देवाशेजारी लावलं तेव्हाचं ते भोक आहे.

ठेवायचं कसं? पीव्हीसीचं पाकीट नको, त्यातून कालांतरानं तेलकट अंश सुटतो. पॉलिप्रॉपिलीनचं मऊ पाकीट घ्या, नाण्या-तिकिटांचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं, आणि ते दोन जाड पुठ्ठ्यांच्या मधे ठेवा. लोखंडी पेटीत ठेवू नका. लातूरच्या उन्हाळ्यात ती आतून भट्टीसारखी तापते आणि पावसाळ्यात तिला घाम सुटतो. भिंतीवर लावायचं असेल तर त्याची रंगीत प्रत काढून लावा.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या लेकरांचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मागच्या अंकातलं पत्र वाचून मी या खेळाडूबद्दल शोधलं, तर तो उसाच्या फडातल्या माणसाचा मुलगा असल्याचं दिसलं. हे खरं आहे का? मुलांना काय सांगता येईल?

उत्तर : बाई, खरं आहे. रॉबर्टोचा जन्म १८ ऑगस्ट १९३४ चा, पोर्तो रिकोतल्या कॅरोलिना गावचा, सात भावंडांत सगळ्यात धाकटा. वडील मेल्चोर उसाच्या फडावर मुकादम होते. मात्र हे मुलांना समजावून सांगा : आपल्याकडचा मुकादम उचल देऊन टोळी बांधतो, तसे ते नव्हते, मजुरांवर देखरेख करणारे होते. आई लुइसा कपडे धुण्याची कामं करायची. रॉबर्टो लहानपणी वडिलांबरोबर ट्रकमध्ये माल चढवायचा-उतरवायचा. शाळेत तो भालाफेकीत तरबेज होता. पुढं मैदानाच्या पार उजव्या टोकावरून त्याचा जो सुसाट फेक यायचा, धावणाऱ्याला तळावर, म्हणजे बेसवर, पोचण्याआधीच गाठायचा, त्या हाताची तयारी भाल्यावर झाली असं तो सांगायचा.

१९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या संघानं त्याला दहा हजार डॉलर देऊन करारबद्ध केलं. तेव्हाचा नियम असा की चार हजारांहून जास्त रक्कम देऊन घेतलेला नवखा खेळाडू मुख्य संघात ठेवायचा, नाहीतर हंगामाअखेर दुसरा संघ त्याला उचलू शकतो. डॉजर्सनी त्याला माँट्रियालच्या दुय्यम संघात धाडलं आणि फारसं खेळवलंच नाही. पिट्सबर्गच्या माणसांच्या नजरेला तो तिथंही पडलाच. पायरेट्स त्या वर्षी तळाला होते, म्हणून पहिली निवड त्यांची. नोव्हेंबरात त्यांनी अवघ्या चार हजार डॉलरला त्याला घेतलं.

मुलांना एक गोष्ट लपवून ठेवू नका. संघाचा सराव फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला व्हायचा. गोरे खेळाडू हॉटेलात उतरायचे, काळ्यांना गावाच्या दुसऱ्या भागात काळ्यांच्या घरी राहावं लागायचं. प्रवासात बस खाणावळीसमोर थांबली की गोरे आत जाऊन जेवायचे आणि काळे बसमध्येच बसून राहायचे, कोणी बाहेर आणून देईल तेव्हा खायचं. पोर्तो रिकोत असलं काही न पाहिलेल्या रॉबर्टोला हे सोसवलं नाही. बसमध्ये बसून खाणार नाही म्हणून तो अडून बसला. वर्तमानपत्रवाले त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी जसंच्या तसं, उच्चारांसकट छापायचे, म्हणजे वाचणाऱ्याला तो अडाणी वाटावा. शिकायला परगावी गेल्यावर ज्यांच्या बोलण्याला हसलं जातं अशा आपल्या लेकरांना हे लगेच उमजेल.

१९७१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या दोन लीगच्या विजेत्या संघांच्या अंतिम मालिकेत, बाल्टिमोरविरुद्ध तो सातही सामन्यांत चमकला आणि मालिकावीर ठरला. सगळ्या अमेरिकेसमोर टीव्हीवर त्याच्यापुढं माइक धरला. त्यानं इंग्रजीआधी स्पॅनिशमध्ये बोलायची मुभा मागितली आणि आपल्या मुलांना आशीर्वाद दिला, आपल्या आईवडिलांकडे आशीर्वाद मागितला. हे वर्गात जरूर सांगा. त्याच हंगामात, १ सप्टेंबर १९७१ ला, पायरेट्सनी पहिल्यांदाच सगळे नऊच्या नऊ खेळाडू काळे आणि लॅटिन अमेरिकी असलेला संघ मैदानात उतरवला. त्यात क्लेमेंटे होता.

प्रश्न : मी परभणीत कॉलेजला आहे, क्रिकेट खेळतो. क्लेमेंटेचे ३,००० हिट म्हणजे ३,००० धावाच ना? तेवढ्या तर आपल्याकडं कितीतरी जणांच्या आहेत. आणि त्याची कारकिर्दीची .३१७ सरासरी म्हणजे एक धावसुद्धा नाही. मग हा खेळाडू मोठा कसा?

उत्तर : हिट म्हणजे धाव नव्हे. बॅटरनं चेंडू असा मारला की क्षेत्ररक्षकांना त्याला बाद करता आलं नाही आणि तो निदान पहिल्या तळावर सुखरूप पोचला, तर एक हिट. चार तळांची फेरी पुरी झाली की मग धाव. सरासरी काढतात ती हिट भागिले हिशेबात धरलेल्या खेळ्या. .३१७ म्हणजे हजार वेळा उभा राहिला तर ३१७ वेळा यशस्वी, ढोबळ मानानं दहात तीनदा. चेंडू गोल, बॅट गोल, आणि समोरून टप्पा न पडता ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास आलेला मारा. वर पायचीत व्हायची भीती नसली तरी तीन स्ट्राइकमध्ये, म्हणजे मारता येण्याजोगे तीन चेंडू हुकले किंवा सोडले की, खेळ खल्लास. दहात सात वेळा अपयशी ठरणारा माणूस तिथं उत्तम मानला जातो. क्लेमेंटेआधी फक्त दहा जणांनी ३,००० चा आकडा गाठला होता.

त्यानं बॅटिंगच्या सरासरीत नॅशनल लीगमध्ये (दोन लीगांपैकी पायरेट्स जिच्यात खेळतात ती) चार वेळा पहिला क्रमांक मिळवला : १९६१, ६४, ६५ आणि ६७. त्यातलं ६७ चं .३५७ सगळ्यात वरचं, औशाच्या कार्डावर मागे शेवटच्या हंगामाच्या ओळीत तेच आहे. १९६६ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू. क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार १९६१ पासून ७२ पर्यंत ओळीनं बारा वेळा. १९६० आणि ७१ या दोन्ही वर्ल्ड सिरीज जिंकल्या, दोन्ही मिळून चौदा सामने, आणि प्रत्येक सामन्यात त्याचा निदान एक हिट. होम रन २४०, म्हणजे तुम्हाला षटकारांचा बादशहा हवा असेल तर तो हा नव्हे. मला त्याच्याबद्दल वाचताना आवडतं ते त्याचं धावणं. २५ जुलै १९५६ ला शिकागो कब्जविरुद्ध पायरेट्स तीन धावांनी मागं, तिन्ही तळांवर माणसं. त्यानं फटका मारला, चेंडू मैदानातच राहिला, आणि तिसऱ्या तळावर प्रशिक्षक दोन्ही हात पसरून ‘थांब’ म्हणत असताना हा त्याला ओलांडून घरच्या तळापर्यंत धावत आला. चार धावा, सामना तिथंच संपला.

खेळ सोडल्यावर पाच वर्षं थांबल्याशिवाय हॉल ऑफ फेममध्ये घेत नाहीत. त्याच्यासाठी तो नियम बाजूला ठेवून मार्च १९७३ मध्ये खास मतदान घेतलं, ४२४ पैकी ३९३ मतं पडली. लॅटिन अमेरिकेतून तिथं पोचलेला तो पहिला.

प्रश्न : आमच्या उदगीरच्या घरी लहानपणी बबलगमबरोबर मिळालेली क्रिकेटपटूंची कार्डं डबाभर आहेत. त्यांनाही किंमत येईल का? आणि क्लेमेंटेचं कार्ड मलाही संग्रहात हवंय, स्वस्तात कसं मिळेल?

उत्तर : बबलगमच्या कार्डांना आज हौसेपुरतीच किंमत आहे. पूर्ण संच असेल आणि मागचे आकडे वाचता येत असतील तर संच फोडून सुटी कार्डं विकू नका, एवढंच सांगेन. रबरबँड लावून गठ्ठा ठेवला असेल तर ते आजच काढा. उन्हाळ्यात रबर वितळून वरच्या-खालच्या कार्डाला चिकटतं.

क्लेमेंटेसाठी माझा सल्ला कार्डाऐवजी तिकिटाचा. अमेरिकन टपाल खात्यानं १९८४ मध्ये त्याच्यावर २० सेंटचं तिकीट काढलं. ते भरपूर छापलं गेलं, त्यामुळं टपाल-तिकिटांच्या प्रदर्शनात किंवा विक्रेत्याकडे अगदी किरकोळ पैशांत मिळून जातं आणि नकलीची भीती जवळजवळ नाही. तिकिटावर नाव ‘रॉबर्टो क्लेमेंटे’ असंच आहे.

औशाच्या दादांसाठी एक राहून गेलं. पुतण्याला बसवून एका वेगळ्या कागदावर लिहून काढा : कार्ड कोणी दिलं, कोणत्या गावच्या शेडमध्ये, कोणत्या महिन्यात, वडिलांचं पूर्ण नाव, आजीचं आणि आत्याचंही. पेन्सिलनं लिहा, शाई पसरते. कार्डावर मात्र पुढंमागं एक अक्षरही लिहू नका, कागद घडी न करता त्याच पुठ्ठ्यांमध्ये ठेवा. त्याची प्रत मला छापखान्यावर पाठवलीत तर पुढच्या अंकात देईन.